४के टीव्ही घ्यायचा विचार आहे? पण घरी त्यावर ४के दिसणार आहे का?

सोयाबीनचे पैसे हातात आले की दिवाळीच्या तोंडावर दुकानांत गर्दी सुरू होते. सिंदखेड राजा तालुक्यातल्या दुसरबीडसारख्या गावात घरातल्या मोठ्या खरेद्या याच दिवसांत होतात. जुना टीव्ही कुरकुरत असेल तर त्याचाही नंबर लागतो. मग कोणी गावाजवळच घेतं, कोणी थेट जालना गाठतं.

दुकानात एकाच आकाराचे दोन टीव्ही शेजारी शेजारी लावलेले असतात. एकावर 'फुल एचडी'चं स्टिकर, दुसऱ्यावर '४के अल्ट्रा एचडी'चं. दुसऱ्यावर मोर नाचत असतो. पिसाऱ्यातला एकेक रंग वेगळा दिसतो, पानावरचा दवबिंदूसुद्धा मोजता येतो. फरक चार-पाच हजारांचा आहे, घेऊनच टाका, असं दुकानदार सांगतो.

पण तो मोर दुकानातच राहतो. तो व्हिडिओ खास ४केमध्ये चित्रित करून टीव्हीच्या मेमरीत किंवा पेनड्राइव्हवर टाकलेला असतो. घरी आल्यावर त्याच पडद्यावर छतावरच्या डिशमधून आलेली मालिका लागते, आणि ती ४के नसते. म्हणूनच प्रश्न पडतो: दाखवायला पुरेसं काही नसताना ४के टीव्हीवर पैसे घालावेत का?

आधी आकड्यांचा हिशोब

टीव्हीवरचं चित्र बारीक ठिपक्यांचं बनतं. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. फुल एचडी टीव्हीवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६०० असतात. ४के टीव्हीवर ३८४० बाय २१६०, म्हणजे ८२ लाख ९४ हजार ४००. बरोबर चौपट. ३२ इंचांच्या बहुतेक टीव्हींवर लिहिलेलं 'एचडी रेडी' या दोन्हींच्या खालचं, साधारण साडेदहा लाख ठिपक्यांचं असतं.

ठिपके टीव्हीकडे कितीही असोत, चित्र पाठवणारा किती पाठवतो यावर सगळं ठरतं. साध्या, म्हणजे एसडी वाहिनीचं चित्र जास्तीत जास्त ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं. गुणाकार केला तर ४ लाख १४ हजार ७२०. ४के पडद्यावर याच्या बरोबर वीसपट ठिपके आहेत. म्हणजे एसडी वाहिनी ४के टीव्हीवर लावली की पडद्यावरच्या दर वीस ठिपक्यांमागे एकापुरती माहिती बाहेरून येते, उरलेल्या एकोणीस ठिपक्यांचा टीव्ही अंदाज करतो.

या अंदाजाला 'अपस्केलिंग' म्हणतात. चांगल्या टीव्हीचा प्रोसेसर हे काम बऱ्यापैकी करतो. स्वस्त टीव्हीत मात्र चेहरे मेणाचे दिसायला लागतात, बातम्यांच्या पट्टीवरच्या अक्षरांच्या कडा फाटतात आणि क्रिकेटच्या मैदानावरचं गवत हिरव्या रंगाचा लेप होऊन जातं. 'नवीन टीव्ही आणला आणि चित्र जुन्यापेक्षा वाईट दिसतंय' ही तक्रार अनेक घरांत ऐकू येते, ती यामुळेच.

जुना २१ इंची डबा स्वच्छ दिसायचा, हाही भास नव्हता. सर्वसाधारण नजरेच्या माणसाला एका ठरावीक अंतरापलीकडे शेजारचे दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत. २१ इंचांवर एसडी चित्राचे ठिपके इतके जवळ असायचे की पावणेसात फुटांपलीकडून ते डोळ्याला कळतच नव्हते. तेच चित्र ४३ इंचांवर ताणलं की हे अंतर पंधरा फुटांवर जातं. गावाकडच्या किती घरांत टीव्हीसमोर पंधरा फूट जागा असते?

मराठीत ४के आहे तरी किती?

डिशवर जवळपास नाहीच. मराठी मनोरंजन वाहिन्या एचडी व्हायलाच २०१६ उजाडलं. त्या वर्षी स्टार प्रवाह, कलर्स मराठी आणि झी मराठी यांच्या एचडी आवृत्त्या आल्या. बरं, त्याही सगळ्यांकडे दिसत नाहीत. एचडी वाहिनीला वेगळे पैसे आणि एचडी सेट टॉप बॉक्स लागतो, त्यामुळे अनेक घरांत आजही एसडी आवृत्तीच चालते. नियमित ४के प्रक्षेपण करणारी मराठी वाहिनी आजही नाही.

गावांमध्ये मोठ्या संख्येनं दिसणारी दुसरी छत्री म्हणजे डीडी फ्री डिश. प्रसार भारतीनं डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' नावानं ही सेवा सुरू केली. एकदा बॉक्स आणि छत्री घेतली की दरमहा काही भरावं लागत नाही, हे तिचं मोठं आकर्षण. पण तिच्यावरच्या बहुतेक वाहिन्या एसडी आहेत. ज्या घरात टीव्ही म्हणजे फ्री डिश आणि फक्त फ्री डिश, तिथे ४केसाठी मोजलेले जादा पैसे वाया जातात. इथे दुसरं मत असायचं कारण नाही.

वाहिन्या ४के का होत नाहीत? कारण सरळ व्यवहाराचं आहे. ४के चित्राला उपग्रहावर कितीतरी जास्त जागा लागते. एका ४के वाहिनीच्या जागेत अनेक एसडी वाहिन्या मावतात, आणि जागेचं भाडं वाहिनीला भरावं लागतं. उलट जाहिरातदार प्रेक्षकसंख्या बघून पैसे देतो, चित्र किती स्वच्छ आहे ते बघून नाही. घरात सासू-सुनेची मालिका एसडीवर बघणारी व्यक्ती आणि ४केवर बघणारी व्यक्ती त्याच्या लेखी सारखीच. मग वाहिनीनं कॅमेरे, संकलनाची यंत्रणा आणि उपग्रहाचं भाडं हा सगळा खर्च कशासाठी करायचा?

याआधी दोनदा असं घडलंय

१९८२ साली याच्या उलट झालं होतं. त्या वर्षी दूरदर्शननं १५ ऑगस्टला स्वातंत्र्यदिनाच्या कार्यक्रमापासून देशभर रंगीत प्रक्षेपणाकडे पाऊल टाकलं आणि नोव्हेंबरमध्ये दिल्लीतल्या आशियाई स्पर्धा रंगीत दाखवल्या. तेव्हा रंगीत संच घेणाऱ्यानंही आधी पैसे मोजले आणि नंतर कार्यक्रमांची वाट पाहिली. पण ती वाट फार लांबली नाही. प्रक्षेपण करणारी संस्था एकच होती, सरकारनं ठरवलं की काम संपलं. पुढे या भागालाही त्याचा फायदा झाला. औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता. मराठवाडा आणि विदर्भातल्या असंख्य घरांत पहिला रंगीत टीव्ही याच कंपनीचा आला.

दुसरा प्रसंग ४केचाच, आणि त्यातही तेच नाव आहे. जानेवारी २०१५ मध्ये व्हिडिओकॉन डीटूएच आणि टाटा स्काय या दोघांनीही ४के सेवा बाजारात आणली. पुढच्याच महिन्यात ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये क्रिकेट विश्वचषक सुरू होणार होता आणि त्यातले काही निवडक सामने ४केमध्ये दाखवले गेले. तेव्हा वाटलं होतं की दोन-तीन वर्षांत सगळ्या वाहिन्या ४के होतील. तसं झालं नाही. डीटूएच मार्च २०१८ मध्ये डिश टीव्हीत विलीन झाली, व्हिडिओकॉन इंडस्ट्रीज त्याच वर्षी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, आणि डिशवरचं ४के अधूनमधून येणाऱ्या सामन्यांपुरतं राहिलं.

थ्रीडी टीव्हीचं तर याहून वाईट झालं. २०१० च्या सुमारास तो भविष्य म्हणून विकला गेला आणि २०१७ पर्यंत मोठ्या कंपन्यांनी तो बनवणंच थांबवलं. घरोघरी ते काळे चष्मे अजून शोकेसमध्ये पडून असतील.

मग ४केचंही तसंच होईल का? नाही. ४केला वेगळी वाट सापडली आहे, आणि ती छतावरच्या छत्रीतून जात नाही.

इंटरनेटनं केलेली सोय

यूट्यूबवर ४के व्हिडिओ २०१० पासून चढवता येतात आणि ते फुकट बघता येतात. आजचे बरेच मोबाइल ४के चित्रीकरण करतात, त्यामुळे गडकिल्ले, शेती, पाककृती, लग्नं असं खूप काही मराठीत यूट्यूबवर ४केमध्ये पडून आहे. गंमत अशी की कोट्यवधींची यंत्रणा असलेल्या वाहिनीपेक्षा किल्ल्यावर ड्रोन उडवणारा एखादा तरुण मराठीतलं जास्त ४के तयार करतोय.

क्रिकेटमध्ये मोठी उडी आयपीएल २०२३ नं घेतली. जिओ सिनेमानं तो हंगाम फुकट आणि ४केमध्ये दाखवला, शिवाय मराठी समालोचनही दिलं. नंतर हे फुकट प्रकरण संपलं. आता बहुतेक ओटीटींवर ४के हवं असेल तर वरचा प्लॅन घ्यावा लागतो. नेटफ्लिक्सनं डिसेंबर २०२१ मध्ये भारतातले दर कमी केले, तेव्हाही ४के फक्त महिन्याला ६४९ रुपयांच्या प्रीमियम प्लॅनमध्येच ठेवलं. १९९ रुपयांचा बेसिक प्लॅन घेऊन ४के टीव्हीवर नेटफ्लिक्स लावलं, तर फुल एचडीसुद्धा मिळत नाही. टीव्हीच्या किमतीत हा दरमहाचा खर्च धरायला लोक विसरतात.

आणि मग डेटा. नेटफ्लिक्सच्याच सांगण्यानुसार ४केसाठी किमान १५ एमबीपीएसचा स्थिर वेग हवा आणि तासाला ७ जीबीपर्यंत डेटा लागतो. मोबाइलचा हॉटस्पॉट टीव्हीला जोडून बघणाऱ्यांसाठी हिशोब असा: दिवसाला २ जीबीचा पॅक असेल तर ४के चित्रपट सतराव्या मिनिटाला थांबतो. दीड जीबी असेल तर तेराव्या. फुल एचडीवर हाच २ जीबी साधारण चाळीस मिनिटं पुरतो. म्हणजे हॉटस्पॉटवर ४के हा विषयच नाही.

फायबर असेल तर चित्र पालटतं. ३० एमबीपीएसच्या साध्या जोडणीवरही एक ४के व्हिडिओ आरामात चालतो, घरातले बाकीचे त्याच वेळी मोबाइलवर रील बघत नसतील तर. जिथे फायबर आलेलं नाही तिथे २०२३ पासून जिओ आणि एअरटेलचं एअरफायबर आहे. त्यात गच्चीवरच्या यंत्रातून ५जी सिग्नल घरात येतो. पण दुसरबीडसारख्या ठिकाणी गावात मिळणारा वेग आणि बाहेरच्या वस्तीवर किंवा शेतातल्या घरात मिळणारा वेग यात जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. म्हणून टीव्हीआधी, आणि तेही रात्री आठ-नऊच्या सुमारास, आपल्याच घरात वेग तपासून बघावा. दुपारी बाराला सगळ्यांचंच नेट छान चालतं.

दिवाणापासून टीव्हीपर्यंत किती फूट?

हा प्रश्न दुकानात कोणी विचारत नाही, आणि खरा निकाल इथेच लागतो.

डोळ्याची मर्यादा वर आलीच आहे. तोच हिशोब पुढे नेला तर ४३ इंचांच्या फुल एचडी टीव्हीचे ठिपके साधारण साडेपाच फुटांपर्यंतच वेगळे दिसतात. त्यापेक्षा मागे बसलं तर ४३ इंची फुल एचडी आणि ४३ इंची ४के यांच्या बारकाव्यातला फरक सर्वसाधारण डोळ्याला कळत नाही. ५५ इंचांना हे अंतर सात फूट आहे, ६५ इंचांना साधारण साडेआठ. दहा बाय बाराच्या खोलीत एका भिंतीला टीव्ही आणि समोरच्या भिंतीला दिवाण असेल, तर डोळे आणि पडदा यांच्यात आठ-नऊ फूट अंतर पडतं. तिथून ४३ इंची ४के आणि फुल एचडी सारखेच दिसणार. जमिनीवर बसून टीव्हीला नाक लावणारी मुलं सोडली तर.

दुकानात फरक जाणवतो, कारण तिथे आपण तीन फुटांवर उभे असतो.

मग ४के टीव्ही उगाच चांगले दिसतात का?

तसंही नाही. अनेकदा ४के टीव्ही खरंच उजवा दिसतो, पण तो ठिपक्यांमुळे नाही. कंपन्या चांगला पॅनेल, जास्त उजेड, अधिक रंग आणि वेगवान प्रोसेसर ४के मॉडेलमध्ये घालतात आणि फुल एचडीला स्वस्तात उरकतात. एचडीआर हे त्यातलं महत्त्वाचं. या तंत्रात उजळ भाग जास्त उजळ आणि सावलीतले तपशील स्पष्ट दिसतात, आणि हा फरक नऊ फुटांवरूनही कळतो. मात्र खोक्यावर 'एचडीआर' लिहिलं म्हणजे झालं असं नाही. पडद्याचा उजेड कमी असेल तर टीव्ही एचडीआर सिग्नल स्वीकारतो, दाखवू मात्र शकत नाही. अगदी स्वस्त ४के टीव्हींमध्ये हे सर्रास दिसतं. दिवसा दार उघडं ठेवून टीव्ही बघणाऱ्या घरात तर ठिपक्यांपेक्षा उजेडाचा आकडा आधी विचारावा.

जुन्या कार्यक्रमांबद्दल एक उलटी गोष्ट आहे. १९५३ चा 'श्यामची आई' फिल्मवर चित्रित झालेला आहे. फिल्मची प्रत चांगल्या अवस्थेत असेल तर ती आजही ४केमध्ये स्कॅन करता येते. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जुन्या भारतीय चित्रपटांवर अशाच प्रकारचं काम होतं. १९९९ मध्ये अल्फा मराठीवर सुरू झालेली 'आभाळमाया' मात्र व्हिडिओ टेपच्या जमान्यातली. टेपवर जितकी माहिती उतरली तितकीच, ती कितीही भारी टीव्हीवर वाढत नाही. सत्तर वर्षांपूर्वीचा चित्रपट ४के होऊ शकतो, पंचवीस वर्षांपूर्वीची मालिका नाही.

थांबावं की घ्यावं?

वाहिन्या ४के होतील म्हणून थांबण्यात अर्थ नाही. वर सांगितलेलं भाड्याचं गणित बदलेपर्यंत त्या होणार नाहीत. निर्णय आजच्या घरावर घ्यायचा.

३२ इंच घ्यायचा असेल तर ४केचा विचारच नको. ५० इंच किंवा त्याहून मोठा घ्यायचा असेल तर बाजारात जवळपास सगळे ४केच आहेत, त्यामुळे निवडीचा प्रश्न येत नाही. तिथे फक्त घरात फायबर आहे का आणि समोर जागा किती, एवढं बघावं. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. करापूर्वी २० हजारांचा टीव्ही आधी २५ हजार ६०० ला पडायचा, तो आता २३ हजार ६०० ला पडायला हवा. बिलावर कराची ओळ बघून घ्यावी.

खरी ओढाताण ४० आणि ४३ इंचांत आहे, आणि बहुतेक घरं तिथेच असतात. समजा दोन टीव्हींत पाच हजारांचा फरक आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव ५ हजार ३२८ रुपये आहे, म्हणजे हा फरक जवळपास एका क्विंटलचा. बाजारात भाव त्याहून खाली असेल तर क्विंटलभराहून जास्तच. फायबर नसलेल्या, आठ फुटांवरून डिश बघणाऱ्या घरानं हे पैसे चांगल्या फुल एचडी टीव्हीत आणि एचडी बॉक्समध्ये घालावेत. ज्या घरात फायबर आहे, पोरं यूट्यूब आणि सामने ओटीटीवर बघतात, टीव्ही सात-आठ वर्षं वापरायचा आहे, त्यांनी ४के घ्यायला हरकत नाही. मात्र नाव न ऐकलेल्या कंपनीच्या ४केपेक्षा नावाजलेल्या कंपनीचा फुल एचडी कधीही बरा. पॅनेल गेला तर दुरुस्तीचा खर्च नव्या टीव्हीच्या जवळ जातो, आणि मेकॅनिक जालन्याहून किंवा बुलढाण्याहून येणार असेल तर तो किती दिवसांत येतो हे घेण्याआधी विचारलेलं बरं. स्मार्ट टीव्हीचं सॉफ्टवेअरही म्हातारं होतं. नेटफ्लिक्सनं डिसेंबर २०१९ मध्ये काही जुन्या टीव्हींवर चालणं बंद केलं, त्या टीव्हींचे पडदे तेव्हा धडधाकट होते.

दुकानात मोर बघून झाला की दुकानदाराला टीव्हीवर डिशची साधी वाहिनी लावायला सांगावी, शक्यतो बातम्यांची, कारण खालच्या पट्टीवरची अक्षरं चित्राची लगेच परीक्षा घेतात. मग घरी दिवाण जितक्या फुटांवर आहे तितकं मागे सरकून बघावं. दुकान लहान असेल तर दाराबाहेर उभं राहावं लागेल, लागू दे.

आणि टीव्ही बदलण्याआधी एकदा त्याच्या मागे डोकावून बघा. एचडी सेट टॉप बॉक्स घेऊनही अनेक घरांत तो पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या पिनांच्या जुन्या एव्ही केबलनंच टीव्हीला जोडलेला असतो. त्या केबलमधून फक्त एसडी चित्र जातं. वाहिनीचे एचडीचे पैसे भरायचे आणि चित्र एसडी बघायचं, असं वर्षानुवर्षं चाललेलं असतं. तिच्या जागी दोन-तीनशे रुपयांची एचडीएमआय केबल लावली आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये रेझोल्युशन १०८० केलं, तर काही घरांत नव्या टीव्हीचा विषय पुढच्या दिवाळीपर्यंत लांबतो.